आज नको

डोंबिवलीकराचा आणि पाण्याचा संबंध तसा बेताचाच. सकाळी नळाला येते ते पाणी, पावसाळ्यात रुळांवर साचते ते पाणी, आणि वर्षातून एकदा गणपती पोचवायला आपण ज्याच्या काठाशी जातो ते खाडीचे पाणी. यांपैकी कोणत्याही पाण्यात हौसेने शिरावे असे आम्हांपैकी कोणाच्या मनात येत नाही. त्यामुळे माझा भाचा सुटीच्या दिवशी पाठीवर हवेचे नळकांडे बांधून समुद्राच्या तळाशी जातो, ही बातमी घरात आली तेव्हा त्याने नोकरी सोडून नाटक कंपनी काढल्यासारखी खळबळ उडाली.

भाचा कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो. तेथून मोटारीने दीडेक तासावर कार्मेल नावाचे गाव आहे. गावाच्या दक्षिणेला, रस्त्यापलीकडच्या टेकडीवर कार्मेलाइट जोगिणींचा मठ. म्हणून समोरच्या किनाऱ्याचे नाव ‘मॉनेस्टरी बीच’. पण तिकडचे पाणबुडे त्याला थट्टेने ‘मॉर्च्युअरी बीच’ म्हणतात. मराठी शिकवणाऱ्या माणसाचे कान अशा ठिकाणी उगाचच टवकारतात. मठाचे मढे व्हायला मराठीत तरी कितीसे अंतर आहे? या विनोदाला आमच्या ताईने मात्र मुळीच दाद दिली नाही.

किनारा खरोखर दुष्ट आहे. वाळू साबुदाण्यासारखी जाड आणि मोकळी, उतार घसरगुंडीसारखा. पाय रोवावा तर घोट्यापर्यंत आत जातो. किनाऱ्यापासून जवळच समुद्राच्या पोटात एक प्रचंड दरी सुरू होते, त्यामुळे लाट उथळ पाण्यात दमूनभागून येत नाही. सारा जोर शिल्लक ठेवून थेट पायांशी येऊन फुटते. दोन्ही टोकांना खडक. पाणी दहा ते तेरा अंशांचे. हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब पंचवीसेक पट वेगाने ओढून घेते, तेव्हा उघड्या अंगाने अशा पाण्यात उतरलेल्याची बोटे थोड्याच वेळात कोणा परक्याची वाटू लागतात. म्हणून पायांपासून डोक्यापर्यंत बोटभर नाही तरी सात मिलिमीटर जाडीचा रबरी पोशाख चढवायचा. तो पोशाख इतका तरंगतो की, बुडण्यासाठी कमरेला शिशाची वजने बांधावी लागतात. शिवाय पाठीवर नळकांडे. एवढा संसार अंगावर घेऊन लाटेतून आत जायचे आणि परतताना, ताठ उभे राहण्याचा मान सोडून, चारी पायांवर रांगत बाहेर यायचे. उभा राहिला त्याला लाट आडवा करते.

आणि हे सारे कशासाठी? तर त्या खडकांवर केल्प नावाच्या वनस्पतीचे रान उगवते. अनुकूल दिवसांत ती एका दिवसात हात-दीड हात वाढते. तळापासून पृष्ठभागापर्यंत उभे तिचे दोर आणि त्यांमधून खाली झिरपणारे ऊन. “मामा, देवळात शिरल्यासारखं वाटतं,” असे भाचा म्हणाला. हे वाक्य त्याने आपल्या आईपुढे उच्चारले नाही, हे त्याचे शहाणपण.

गेल्या डिसेंबरात तो सुटीवर आला, तेव्हा ताईने मला बोलावून घेतले. “तू एवढा प्रोफेसर. मुलांना साहित्य का काय ते समजावतोस ना? मग याला एवढं समजाव. एकुलता एक आहे तो.” मागे भाऊजी पायांत बूट घालत होते. गेली तीस वर्षे ते डोंबिवलीहून सकाळच्या जलद गाडीने मुंबईला जातात. अर्धी वर्षे आत, अर्धी दारात. ताईची नजर भाच्यावर होती, भाऊजींकडे नव्हती.

समजवायचे तर आधी पाहावे, म्हणून मी भाच्याबरोबर मालवणला गेलो. सिंधुदुर्गाभोवतीच्या खडकांत हल्ली पर्यटकांना नवशिक्यांची बुडी घडवतात. पावसाळ्यात सारे बंद असते. डिसेंबरात पाणी निवळलेले असते. मार्गदर्शकाने आमच्या तोंडात नळी दिली, डोळ्यांवर काच चढवली आणि दोनच गोष्टी बजावल्या: श्वास कधीही कोंडायचा नाही आणि अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘झकास’ नसून ‘वर चला’ असा आहे. आमच्या होडीतल्या एका सद्गृहस्थांनी आनंदाच्या भरात अंगठा उंचावला आणि त्यांना तत्काळ पृष्ठभागावर आणण्यात आले. पैसे परत मिळाले नाहीत.

मी वीसेक फूट खाली असेन. कान दुखले की नाक दाबून हवा फुंकायची, ते केले. मग सभोवार पाहिले. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे माझ्या काचेसमोर येऊन, एखाद्या कंटाळवाण्या पाहुण्याकडे पाहावे तसे पाहत आणि निघून जात. खडकांवर पोवळ्यांचे झुबके. पण माझे अर्धे लक्ष आवाजाकडे होते. माझ्याच श्वासाच्या आवाजाकडे. इतकी वर्षे मी तो फुकट घेत आलो; कधी ऐकला नव्हता. शिशावरून आठवले. याच किल्ल्याच्या पायात १६६४ साली शिसे ओतले, असे सांगतात. महाराजांच्या त्या आरमाराचा आरंभ मात्र आमच्याकडे झाला. १६५७ मध्ये कल्याण हाती आले आणि दुर्गाडीखालच्या खाडीत जहाजे बांधली जाऊ लागली. पाण्याला पाठ दाखवणारे आम्ही कल्याण-डोंबिवलीकर नंतरचे!

संध्याकाळी वाळूत बसून मी विषयाला हात घातला. श्वास का कोंडायचा नाही, हे भाच्याने प्रथम समजावले. दर दहा मीटरांना एका वातावरणाचा दाब वाढतो. दहा मीटरांवर छाती भरून घेतलेली हवा, वर येताना दुप्पट होऊ पाहते. कोंडून ठेवलीस तर फुप्फुस फाटेल. १९४३ साली कुस्तो आणि गान्यां या दोन फ्रेंच गृहस्थांनी जे यंत्र तयार केले, त्याची सारी करामत एवढीच की, बाहेरच्या दाबाइतक्याच दाबाची हवा ते मागाल तेव्हा, मागाल तेवढी देते. हे ऐकायला बरे होते, पण मला ताईचे काम करायचे होते. मी म्हणालो, “ते ठीक. पण त्या मठाच्या किनाऱ्यावर माणसं मेली आहेत ना?”

“मेली आहेत,” तो म्हणाला. त्याने ते लपवले नाही, याचे मला बरे वाटले आणि भीतीही वाटली.

मग त्याने सांगितले की, तिथे पोचल्यावर आधी कोणी पोशाख चढवत नाही. नुसते उभे राहून लाटा बघतात. दहा मिनिटे, पंधरा मिनिटे. लाटा घोळक्याने येतात. मधली शांतता पाहून फसू नये, म्हणून पुढचा मोठा घोळका येऊन जाईपर्यंत थांबायचे. नाही पटले तर मोटारीत बसून परत. पाण्यात कधी एकटा जात नाही, जोडीदार असतो. आणि दोघांपैकी कोणीही, केव्हाही, अगदी लाटेत पाय टाकल्यावरसुद्धा म्हणू शकतो, “आज नको.” कारण विचारायचे नाही. टोमणा मारायचा नाही. दोघांनी परत फिरायचे.

“आणि तू कितीदा म्हणालास, आज नको?”

त्याने बोटे मोजली. “तिथे अकरा वेळा गेलो, मामा. उतरलो चार वेळा.”

हा हिशेब मला त्या रानापेक्षा आणि माशांपेक्षा मोठा वाटला. आम्ही धाडस म्हणून जे शिकवतो त्यात मागे फिरणाऱ्याला जागा नसते. शाळेच्या पुस्तकापासून पोवाड्यापर्यंत सारे पुढेच जातात. पेट्रोलचे पाणी करून, शिसे आणि रबर मोटारीच्या टपात पाहून, जोडीदाराच्या एका शब्दावर घरी परतणे, याला काय म्हणावे? मला शब्द सुचला नाही.

पण दुसरेच काही आठवले. लहानपणी, १९८०च्या दशकात, वडील आम्हांला रविवारी खाडीवर फिरायला नेत. तेथे रेतीच्या होड्या असत. होडीतून एक लांब बांबू पाण्यात रोवलेला, आणि एक उघडा माणूस लोखंडी बादली घेऊन त्या बांबूला धरून खाली जायचा. तळाची रेती बादलीत भरायची, वरच्याने दोराने ओढायची, पुन्हा खाली. तीस-चाळीस फूट, दिवसातून कित्येक वेळा. त्यांना ‘डुबी’ म्हणत. ना नळकांडे, ना काच, ना पोशाख. गढूळ पाण्यात दिसण्याचा प्रश्नच नव्हता. सारे हातांच्या चाचपणीने. वडील आम्हांला घड्याळावर सेकंद मोजायला सांगत. डोके वर आले की आम्ही टाळ्या वाजवत असू. त्या माणसाने आमच्याकडे कधी पाहिल्याचे आठवत नाही. तो होडीची कड धरून दम खाई आणि पुन्हा बांबूला हात घाली. पुढे रेती ओढणारे पंप आले. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या किती चाळी आणि इमारती त्या रेतीवर उभ्या आहेत! पाण्याच्या दाबाचा नियम त्याच्या कानांना आणि फुप्फुसांना मालवणइतकाच, कार्मेलइतकाच लागू होता. मला प्रश्न पडला तो इतकाच की, थंडीतल्या एखाद्या सकाळी त्याने मुकादमाला “आज नको” म्हटले असेल, तर काय उत्तर मिळाले असेल?

डोंबिवलीला परतल्यावर मी ताईला सारे सांगितले. किनारा वाईट आहे, हेही सांगितले. अकरातले चार, हेही. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सात वेळा परत आला? खरंच?” मी म्हणालो, “खरंच. आणि त्याला कोणी हसलं नाही.”

आता भाचा परत गेला आहे. शनिवारी रात्री तिकडून फोन येतो. ताईचा पहिला प्रश्न ठरलेला: “उतरलास, की परत आलास?” ‘परत आलो’ असे उत्तर आले की, मुलगा परीक्षेत पहिला आल्यासारखा तिचा चेहरा खुलतो.

जून २०२५ मध्ये मुंब्र्याच्या वळणावर भर गर्दीच्या वेळी दारात लटकलेली माणसे गाडीतून खाली पडली आणि काही गेली. त्या दिवशी भाऊजी पुढच्या गाडीत होते. ताईने दुसऱ्या दिवशी डबा हातात देताना त्यांना म्हटले, “अहो, आत शिरता येत नसेल तर गाडी सोडा. दुसरी घ्या. तीही भरलेली असली तर घरी या.”

भाऊजींनी डबा पिशवीत ठेवला. “घरी कसं येणार?” ते म्हणाले. “साडेनऊला मशीनवर बोट टेकवायचं असतं.” आणि चपळाईने जिना उतरून गेले.