परतीचं तिकीट

सासवड,
१८ जानेवारी २०२६

चि. मेधास,


रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आई, सई म्हणते मी आता विमानात बसणार नाही," आणि मग आपण दोघीही गप्प झालो. सई तुझ्या मागेच उभी होती, तिची वेणी मला दिसत होती. "ये" म्हटलं असतं तर आजीला माझं म्हणणं कळलंच नाही असं तिला वाटलं असतं, आणि "नको येऊस" तर माझ्या तोंडून निघालंच नसतं. म्हणून पत्र लिहितेय.

आधी एक सांगते, तिला रागावू नकोस. तिच्या वहीतल्या गणिताचा फोटो तू पाठवलास, तो मी पेन्सिल घेऊन तपासला. छत्तीस वर्षं गणित-विज्ञान शिकवल्यावर हाताची सवय जात नाही. पोरीचं गणित बरोबर आहे. न्यूअर्क ते मुंबई साडेबारा हजार किलोमीटर. विमानाचं एक किलो इंधन जळलं की तीन किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण जळताना हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो. जाऊन-येऊन माणशी दीड ते दोन टन, चौघांचे सहा ते आठ. आपल्या देशातल्या माणसाच्या वाट्याला सरासरी वर्षाला दोन टनांच्या आसपास येतो. खाली तिने मराठीत लिहिलंय, "आजी, तीन आठवड्यांसाठी मी तुझं एक वर्ष वापरलं." वेलांट्या चुकल्यात, पण वाक्य चुकलेलं नाही. ते वाचून मी बराच वेळ ओट्यापाशी नुसती उभी होते.

तिच्या गणितात दोन गोष्टी मात्र राहिल्यात. एक म्हणजे विमानामागे उमटणारी पांढरी रेघ. उंचावरच्या गार हवेत धुरातली वाफ गोठते आणि तिचे विरळ ढग होतात. रात्री हे ढग जमिनीची उष्णता वर जाऊ देत नाहीत, पांघरुणासारखे. म्हणजे विमानाचा हिशोब नुसत्या टनांवर संपत नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या दारात उभी आहे. अमेरिकेत एक मोटार सरासरी वर्षाला साडेचार टनांहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडते, हा तिथल्या सरकारचाच आकडा आहे. तुमच्याकडे दोन गाड्या. दोन्हींचे मिळून नऊ टनांच्या वर, म्हणजे चौघांच्या भारतवारीपेक्षा जास्त! विमान डोळ्यांत भरतं, गाडी रोजची म्हणून दिसत नाही. अजितराव आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करतात ना? दुसरी गाडी खरंच लागते का, याचा दोघांनी बसून विचार करा. गाडी काढली म्हणजे विमानाला मोकळीक मिळाली, असं मात्र मला म्हणायचं नाही.

तिकिटाबरोबर झाडांचे पैसे भरता येतात, असं तू म्हणालीस. भरायचे तर भर, पण त्यावर मन निश्चिंत करू नकोस. आमच्या शाळेने एका पावसाळ्यात घाटाच्या बाजूला शंभर रोपं लावली होती. फोटो निघाले, भाषणं झाली. पुढच्या मार्चमध्ये मी मुलांना घेऊन मोजायला गेले तेव्हा अकरा जिवंत होती. रोप लावायला एक सकाळ पुरते, ते जगवायला पाच उन्हाळे पाणी घालावं लागतं. तुमचा धूर मात्र त्याच दिवशी हवेत गेलेला असतो.

नव्या इंधनाचंही तसंच. १९ मे २०२३ ला पुण्याहून दिल्लीला एक विमान गेलं, त्याच्या इंधनात प्राज इंडस्ट्रीजने देशी मालापासून बनवलेलं इंधन थोडं मिसळलं होतं. आपल्या पुण्याची कंपनी, मला मनापासून आनंद झाला. पण उसाच्या मळीवर विमानं उडवायची तर ऊस लागतो, आणि उसाला पाणी. टँकरची वाट बघत हंडे मांडून बसलेल्या तालुक्यात मी आयुष्य काढलंय. हा उपाय सगळ्यांना पुरेल यावर माझा विश्वास बसत नाही.

आता मामाचं. पुरंदरच्या विमानतळात सात गावांची जमीन जातेय, त्यात आपलं कुंभारवळण आहे, हे तुला माहीत आहे. मागच्या आठवड्यात मी तिकडे जाऊन आले. अंजिराचा खट्टा बहार चालू आहे. पहाटे अंधारात तोडा सुरू होतो. देठ मोडला की पांढरा चीक येतो आणि बोटांची सालं निघतात, म्हणून मामी बोटांना चिंध्या गुंडाळते. एकेक फळ हलक्या हाताने पाटीत ठेवायचं, दाबलं की गेलं. याच अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मामाने गावात पेढे वाटले होते. आता तो म्हणतो, "पैसे मिळतील गं, पण या मातीतला अंजीर दुसरीकडे कसा नेऊ?" मला उत्तर देता आलं नाही. उद्या तुम्ही तिथेच उतराल आणि अर्ध्या तासात घरी याल, हे मला कळतं. तरी ती सोय माझ्या गळी उतरत नाही. सगळेच जास्त उडायला लागले की धावपट्ट्याही जास्त लागतात, आणि त्या कुणाच्या तरी मळ्यावरूनच जातात.

मग काय करायचं? यायचंच नाही, हे मला मान्य नाही. आई-बापाला, आजीला बघायला येणं ही चैन नव्हे. पण मागच्या खेपेचा डिसेंबर आठव. तीन आठवड्यांची रजा. पहिले पाच दिवस सई-नील दोघंही रात्री दोनला टक्क जागी. मग पुणे-गोवा विमानाने, मग कोची विमानाने, मग अजितरावांकडची लग्नं. सासवडला मोजून चार दिवस. नील माझ्याशी मोकळं बोलायला लागला तो निघायच्या आदल्या रात्री. आणि गोवा-कोचीच्या विमानांचंही बघ. उड्डाणाच्या वेळी इंधन सगळ्यात जास्त जळतं, म्हणून जवळचा प्रवास धुराच्या हिशोबात किलोमीटरमागे जास्त महाग पडतो. गोवा एक्सप्रेस पुण्याहून रात्रीत मडगावला पोचवते, दूधसागरच्या अंगावरून जाते. नीलने तो प्रवास करायला हवा होता.

आणि २०१२ आठव. सईच्या वेळी मी एकदाच आले ती सहा महिने राहिले. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतकाढा, सगळं बॅगेत भरून. तो प्रवास मला कधीच जड वाटला नाही, कारण सई कुशीवर वळलेली मी पाहिली, तिला पहिला दात आलेलाही पाहिला.

म्हणून माझं सांगणं असं. दरवर्षी येऊ नका. यंदा या आणि मग दर दोन वर्षांनी या, पण शाळेची सुट्टी लागली की या आणि सुट्टी संपेपर्यंत राहा. अजितरावांना रजा मिळत नसेल तर ते उशिरा येतील. तुझ्या ऑफिसला विचार, थोडे दिवस इथून काम करू देतात का. माडीवर नेट चांगलं आहे. मधली दोन वर्षं मला जड जातील, हे लपवत नाही. बाबांचं वय बघता भीतीही वाटते. तसं काही झालं तर गणित बाजूला ठेवून निघ, हेही सईला आत्ताच सांगून ठेव.

यंदा ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे आषाढी २५ जुलैला येते. माउलींची पालखी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दिवे घाट चढून सासवडला मुक्कामी असेल. काही वर्षी पालखी येते तेव्हा मुलांची शाळा सुटलेली नसते, यंदा सुटलेली असेल. आपल्या ओसरीवर दरवर्षी पंचवीस-तीस वारकरी उतरतात. सई पोळ्या लाटेल, नील पाणी वाढेल.

हे पत्र सईला वाचून दाखव. तिचं गणित मी तपासलंय आणि ते बरोबर आहे असं सांग. आणि यंदाचं तिकीट काढशील तेव्हा परतीची तारीख २५ ऑगस्टच्या आधीची घेऊ नकोस.

तुझी,
आई