बोटभर माणसांचं शहर

दोस्तांनो, उजवा हात जरा पुढे करा. अंगठा आणि तर्जनी ताणून त्यांच्यामध्ये साडेनऊ सेंटिमीटर अंतर ठेवा. हवं तर पट्टीने मोजा. झालं? एवढ्याशा अंतराने जगभरातल्या खेळण्यांची उंची ठरवून टाकली! ते कसं, हे पाहायला आज आपल्याला अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात जायचं आहे.

पहिली गंमत विमानातून उतरल्याबरोबरच. सिनसिनाटी आहे ओहायो राज्यात, पण त्याचा विमानतळ आहे शेजारच्या केंटकी राज्यात! मध्ये ओहायो नदी. तिच्यावर जॉन रोबलिंग या इंजिनिअरने बांधलेला झुलता पूल आहे. न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध ब्रुकलिन पुलाचा हा थोरला भाऊ. एके काळी इथे डुकराच्या मांसाचा एवढा मोठा धंदा चाले की लोक शहराला ‘पोर्कोपोलिस’ म्हणत. चरबी मुबलक, म्हणून साबणाचे कारखानेही इथे आले. आणि बरं का, याच शहरात स्टायनर आडनावाच्या तीन भावांनी १९४०च्या दशकात खेळण्यांची कंपनी काढली, तेव्हा तिचं सुरुवातीचं गाजलेलं खेळणं होतं साबणाचे फुगे उडवणारी बंदूक! कंपनीचं पहिलं कचेरीचं ठिकाण केनर स्ट्रीटवर, म्हणून कंपनीचं नाव केनर.

मी गेलो तेव्हा माझा भाचा बरोबर होता, वय वर्षे अकरा. तो आधी मला युनियन टर्मिनलला घेऊन गेला. हे १९३३ साली सुरू झालेलं रेल्वे स्टेशन. समोरून पाहिलं तर अर्धा घुमट जमिनीतून वर आल्यासारखा दिसतो. १९७३मध्ये टीव्हीवर आलेल्या ‘सुपर फ्रेंड्स’ या कार्टूनमधलं सुपरमॅन आणि मंडळींचं मुख्यालय यावरूनच सुचलं. आत आता संग्रहालयं आहेत. कमानीच्या एका टोकाला पाण्याचा नळ, दुसऱ्या टोकाला दुसरा. एकापाशी कुजबुजलं की आवाज कमानीवरून सरकत दुसऱ्यापर्यंत जातो. भाचा पलीकडून कुजबुजला, “मामा, भूक लागली.” अगदी कानात बोलल्यासारखं ऐकू आलं. एवढा पराक्रम त्याने एवढ्यासाठी केला!

याच टर्मिनलच्या उत्तरेला होता तो केनर स्ट्रीट. पण आपली गोष्ट घडली शहराच्या मध्यभागी, व्हाइन स्ट्रीटवर. तिथे क्रोगर या किराणा मालाच्या कंपनीची उंच इमारत आहे. १९७७ साली केनरचं ऑफिस याच इमारतीत होतं.

केनरला विज्ञानकथांची खेळणी नवीन नव्हती. १९७५ साली त्यांनी ‘सिक्स मिलियन डॉलर मॅन’ या टीव्ही मालिकेतला नायक बाहुला करून विकला होता. त्याच्या डोक्याला मागून भोक होतं. त्याला डोळा लावला की त्याच्या यांत्रिक डोळ्यातून समोरचं दिसायचं. पण हा गडी होता फूटभरापेक्षा उंच. मग आला ‘स्टार वॉर्स’. या सिनेमाची खेळणी करायला त्या काळातल्या मेगो या बड्या कंपनीने नकार दिला होता. केनरने हो म्हटलं.

आता अडचण पाहा. या सिनेमात माणसांइतकीच याने महत्त्वाची. बाहुले फूटभर उंचीचे केले, तर त्यांना बसायला यान किती मोठं लागेल? पलंगाएवढं! ते ठेवणार कुठे आणि घेणार कोण? तेव्हा कंपनीचे अध्यक्ष बर्नार्ड लूमिस यांनी अंगठा आणि तर्जनी ताणून विचारलं, एवढा केला तर? तिथल्या डिझायनरने पट्टी लावली, पावणेचार इंच भरले. म्हणजेच आपले साडेनऊ सेंटिमीटर. निदान तिथले लोक ही हकिगत अशी सांगतात.

सिनेमा लागला २५ मे १९७७ रोजी. पोरं वेडी झाली. पण खेळणं काय जादूने तयार होतं? आधी मेणात कोरायचं, मग साचे, मग हाँगकाँगच्या कारखान्यात प्लास्टिक ओतायचं, रंगवायचं. नाताळपर्यंत काही जमेना. तेव्हा केनरने काय केलं असेल? चक्क रिकामं पाकीट विकलं! आत एक पुठ्ठ्याचा देखावा, थोडे स्टिकर, क्लबचं कार्ड आणि एक कूपन. ते पोस्टाने पाठवा, १ फेब्रुवारी ते १ जून १९७८ या काळात चार बाहुले घरी येतील. विचार करा, नाताळच्या सकाळी तुम्ही कागद फाडता आणि आत पुठ्ठा! मला अजूनही यात थोडी चलाखी वाटते. पण बाहुले खरोखरच आले, हेही सांगायला हवं. १९७८ या एका वर्षात चार कोटींच्या वर नग खपले.

पहिल्या खेपेला बारा बाहुले होते. त्यात मुलगी फक्त एक, राजकन्या लिया. (मुलींनो, तुमची तक्रार मला मान्य आहे.) जावा नावाचा बुटका तर इतका छोटा की बाकीच्यांएवढेच पैसे त्याला कोण देणार? आधी त्याला प्लास्टिकचा अंगरखा होता, तो काढून कापडाचा दिला, म्हणजे माल जरा भारदस्त दिसेल. ते प्लास्टिकच्या अंगरख्याचे थोडेसे जावा आज संग्राहक जिवापाड जपतात.

आणि आता बोबा फेटची गोष्ट. चार पाकिटांवरच्या खुणा कापून पाठवल्या की हा बाहुला फुकट मिळणार होता. त्याच्या पाठीवरून छोटा अग्निबाण खरोखर उडेल, असं जाहीर झालं होतं. पण १९७८च्या अखेरीस ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या दुसऱ्या मालिकेच्या खेळण्यातला असाच बाण एका चार वर्षांच्या मुलाच्या घशात अडकला, आणि तो मुलगा दगावला. ते खेळणं दुसऱ्या कंपनीचं होतं, पण केनरने आपला बाण पाठीला पक्का चिकटवून टाकला. सोबत चिठ्ठी धाडली: सुरक्षेसाठी हा बदल केला आहे, नको असेल तर परत करा, दुसरा कोणताही बाहुला देऊ. हजारो मुलं खट्टू झाली असतील. होऊ देत. नमुना म्हणून केलेले, बाण उडवणारे थोडेच बोबा फेट मागे राहिले, आणि त्यांतला एक, हाताने रंगवलेला, २०२४ साली लिलावात ५,२५,००० डॉलरना गेला! हे ऐकून भाच्याने घरातली सगळी खेळणी उलटीपालटी करून पाहिली.

“पण मामा, कंपनी कुठाय?” त्याने व्हाइन स्ट्रीटवर विचारलं. कंपनी नाही. १९८७मध्ये ती टोंकाकडे गेली, १९९१मध्ये टोंका हॅस्ब्रोने घेतली आणि २०००मध्ये सिनसिनाटीतलं ऑफिस बंद झालं. मेण कोरणाऱ्या, रंग ठरवणाऱ्या कितीतरी माणसांचं गाव सुटलं किंवा काम सुटलं. जवळच कोर्ट स्ट्रीटवर एका भिंतीवर शहरातल्या खेळण्यांचं भलं मोठं चित्र रंगवलेलं आहे. आम्ही त्याच्याखाली उभे राहून सँडविच खाल्लं.

त्या साडेनऊ सेंटिमीटरचं आपल्याशी नातं काय, सांगू? १९८२ साली अमेरिकेत जी. आय. जो हे सैनिक याच उंचीचे झाले. पुढे आपल्याकडे ते फनस्कूलने काढले. या कंपनीचा एक कारखाना आपल्या गोव्यात आहे. तुमच्या बाबांना किंवा काकांना विचारा, माळ्यावर एखादा सापडेलही. माझ्याकडे होता. परत आल्यावर ट्रंकेतून काढला, पट्टी लावायला उचलला, तर कमरेतून दोन तुकडे! आतली रबराची चकती कुजून गेली होती. मग कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात दोन्ही तुकडे घेऊन गेलो. दुकानदाराने चष्मा वर केला, चकत्यांचा डबा उपडा केला आणि तिसरी चकती बरोबर बसली.