दहापैकी सात

आज एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला इन्सू किम बर्ग शिकवली. जन्म कोरियातला, अमेरिकेत गेली औषधनिर्माणशास्त्र शिकायला आणि वळली समाजकार्याकडे. नवरा स्टीव्ह डी शेझरसोबत १९७८च्या सुमारास मिलवॉकीत अल्पकालीन कुटुंबोपचाराचं केंद्र काढलं. अडचणीची मुळं उकरत बसायचं नाही, कधी थोडं बरं चाललं होतं ते शोधायचं, हा त्यांचा खाक्या.

मग तिचा प्रसिद्ध प्रश्न टाकला: रात्रीत चमत्कार होऊन अडचण सुटली, तर सकाळी ते तुम्हाला कशावरून कळेल?

मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, माझ्या फील्डवर्कमधली बाई म्हणेल, सासू चहा करून देईल." वर्ग हसला. मी नाही. इतकं नेमकं उत्तर वीस वर्षांत फार थोड्यांनी दिलंय. म्हटलं, "असा चहा आधी कधी मिळालाय का, तेवढं विचारून ये."

घरी येऊन ह्यांना बर्गचाच दुसरा प्रश्न विचारला, आपला संसार शून्य ते दहात कितीवर? पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "सात. जेवायला काय आहे?"

उरलेले तीन कुठे गेले, हे विचारायचं नसतं. सात कशामुळे, ते विचारायचं. ओठांवर आलं होतं.

पिठलं टाकलं.