तारेचा पीळ

मुळा नदीवरचा आमचा पंप जळाला म्हणून पौडला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसलो होतो. काळी पडलेली वेटोळी कापून झाली, नव्या तारेचं रीळ आलं. तांब्याची तार, बोटानं वळेल इतकी मऊ. एक तुकडा उचलून वाकवला आणि सरळ करायला गेलो. वाकली होती तिथं ती सरळ होईना, शेजारीच नवा बाक आला. कारागीर म्हणाला, "एकदा मुडपली की तिथं कडक होते, काका."

त्याच्या हाताला जे कळलं होतं त्यामागची कल्पना टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघा शास्त्रज्ञांनी 1934 साली स्वतंत्रपणे मांडली. भली मोठी सतरंजी ओढून सरकवणं जड जातं. एका टोकाला घडी पाडून ती पुढं ढकलत नेली की सतरंजी सहज सरकते. धातूतल्या अणूंच्या ओळी अशाच सरकतात. त्या घडीला डिसलोकेशन म्हणतात. मी मराठीत विस्थापन म्हणतो. पण आमच्या ज्या मुळेच्या खोऱ्यातली गावं टाटांच्या धरणाखाली गेली, जिथं 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तिथं हा शब्द सहज तोंडातून निघत नाही.

घड्या एकमेकींत अडकल्या की धातू कडक होतो. इथवर सगळं सरळ आहे. मला वर्षानुवर्षं संगणकापुढं बसवलं ते याच्या पुढच्या गोष्टीनं. 1994 साली फ्लेक, मुलर, अ‍ॅश्बी आणि हचिन्सन यांनी 170 पासून 12 मायक्रॉनपर्यंत जाडीच्या तांब्याच्या तारा तपासल्या. ओढून पाहिल्या तर फारसा फरक नाही. पिळल्या, तर सर्वांत बारीक तार जाडीच्या हिशेबानं जाड तारेच्या जवळपास तिप्पट भरली! तांबं तेच. पिळताना तारेचा पृष्ठभाग सर्वाधिक ताणला जातो, मधला अक्ष मुळीच नाही. बारीक तारेत हा सगळा फरक केसाहून कमी अंतरात मावावा लागतो, आणि तो मावण्यासाठी जादा विस्थापनं जन्माला येतात. तीच गर्दी तारेला बळ देते.

धातू कसा वाकतो हे सांगणाऱ्या जुन्या समीकरणांत लांबीचं मापच नव्हतं. त्यांना 12 मायक्रॉन आणि 12 मिलिमीटर सारखेच. मग एक तर समीकरणात लांबी घालायची, नाहीतर संगणकात एकेक विस्थापन मोजत जायचं. दुसरी वाट जास्त खरी, पण प्रत्येक विस्थापन बाकी सगळ्यांना ओढतं-ढकलतं. चार-पाच मायक्रॉनच्या ठोकळ्याचं जेमतेम एक टक्का वाकणं मोजायलाही समांतर संगणक दिवसेंदिवस चालतो. पहिली वाट झटपट, आणि तांब्यासाठी ती लांबी सुमारे 4 मायक्रॉन निघाली. मात्र ती प्रयोगाशी जुळवून काढलेली आहे, धातूच्या आतून आलेली नाही. ही बोच माझी अजून गेलेली नाही.

इंजिनीअरिंगची पोरं मॉडेल दाखवायला येतात, तेव्हा मी आधी दुकानातला तो तुकडा त्यांच्या हातात देतो. पोरांनो, उत्तराचे रंगीत नकाशे नंतर दाखवा. तुमच्या समीकरणात लांबी कुठं आहे आणि ती कुठून आणलीत, तेवढं आधी सांगा.