न घातलेला स्वेटर

सैन्यातून निवृत्त झालेला माणूस घरात असला की त्या घराला एक वेगळेच वळण लागते. भिंतीवर गणवेशातला फोटो, पलंगाखाली नाव नि नंबर रंगवलेली काळी ट्रंक आणि पहाटे पाचला सगळ्यांची उठाउठ! १५ ऑगस्टला गावच्या शाळेत अशा माणसाला शाल-श्रीफळ देतात, ‘दोन शब्द’ बोलायचा आग्रह करतात. मग एखादा मुलगा हमखास विचारतो, ‘‘तुम्ही किती शत्रू मारले?’’

माझ्या आजोबांना हा प्रश्न आयुष्यभर विचारला गेला. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. ते नुसते हसायचे आणि म्हणायचे, ‘‘अंधारात कोण मोजत बसतंय बाळा?’’ मुलांची निराशा व्हायची. पण आबांनी त्याहून जास्त कधीच सांगितले नाही.

आबा सातारा जिल्ह्यातले. फौजेत जाणे ही तिथे पिढ्यान् पिढ्यांची रीत. १९६७ साली ते बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि प्रशिक्षणानंतर पहिल्या बटालियनमध्ये गेले. ही १७६८ साली उभी राहिलेली ‘जंगी पलटण’. पुढच्याच वर्षी त्यांचे लग्न झाले आणि १९७१ साली युद्ध पेटले तेव्हा माझी आई दोन वर्षांची होती.

३ डिसेंबर १९७१ला युद्धाला तोंड फुटले. जंगी पलटण तेव्हा मेघालयाच्या बाजूने पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, उतरणाऱ्या ब्रिगेडमध्ये होती. ढाक्याच्या वाटेवर ब्रह्मपुत्रेच्या जुन्या पात्राकाठी जमालपूर हे गाव. तिथे पाकिस्तानची ३१ बलुच ही पलटण भक्कम मोर्चे बांधून बसली होती. मराठ्यांनी नदी ओलांडली आणि जमालपूरच्या पाठीमागे जाऊन टांगाईलकडचा रस्ताच अडवला. आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याविषयी चिठ्ठी पाठवली. बलुच पलटणीच्या कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तर धाडले, ते कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून! १० डिसेंबरच्या रात्री त्यांच्या सैनिकांनी वेढा फोडून निसटण्याचा प्रयत्न केला, तो थेट मराठ्यांच्या मोर्च्यांवर आदळला. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडले. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या आणि सुमारे ९३ हजार युद्धकैदी भारताच्या ताब्यात आले.

हे सारे इतिहासात नोंदलेले आहे. आबांच्या बोलण्यात मात्र यातले फारसे कधी आलेच नाही. त्यांना आठवायचे ते नदीचे गारठवणारे पाणी आणि दिवसेंदिवस न सुकलेले बूट. दारूगोळ्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन पुढे चालणारे बंगाली शेतकरी, त्यांनी आपणहून जुंपून आणलेल्या बैलगाड्या. एका म्हातारीने पदरातून दिलेले मुरमुरे तर त्यांना जन्मभर पुरले. ‘‘तिच्या घरात तेवढंच होतं,’’ ते म्हणायचे.

इकडे आजीला यातले काहीच ठाऊक नव्हते. सैनिकाच्या पत्त्यावर गावाचे नाव नसते. नाव, नंबर, पलटण आणि पुढे नुसते ‘एपीओ’. माणूस राजस्थानच्या वाळूत आहे की बंगालच्या चिखलात, हे पत्त्यावरून कळायची सोय नाही. गावात दोन-तीन रेडिओ होते. संध्याकाळी बातम्यांना अंगण भरून जाई. पोस्टमन गल्लीत शिरला की बायका हातातले काम टाकून दाराशी उभ्या राहत. पत्र असले तर आनंद. पण तार असली तर ती फोडण्याआधीच रडारड सुरू व्हायची.

त्या दिवसांत आजी मास्तरांच्या पत्नीकडून विणकाम शिकली. तिने आबांसाठी तपकिरी लोकरीचा स्वेटर घातला. पहिलाच प्रयत्न, त्यामुळे एक बाही किंचित लांब झाली. ‘‘हात रिकामे राहिले की मन नको तिकडं जायचं गं,’’ ती मला सांगायची.

युद्ध संपल्यावर आबा सुट्टीवर आले. आजीने मोठ्या हौसेने स्वेटर पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, बाहीवरून बोट फिरवले, नीट घडी घातली आणि ट्रंकेत ठेवून दिला. पुन्हा बाहेर काढला नाही.

वर्षे गेली. आबा हवालदार म्हणून निवृत्त झाले, मग एका बँकेत सुरक्षा रक्षक म्हणून राहिले. हिवाळ्यात ते सरकारी जर्सी घालायचे. तिचे कोपर फाटले तेव्हा घोंगडी पांघरली, पण स्वेटर नाही. आजीने पुढे साऱ्या गोतावळ्यासाठी स्वेटर, टोपरी विणली. आबांसाठी मात्र पुन्हा सुई उचलली नाही. बाही लांब झाली म्हणून आवडला नसेल, अशी तिने मनाची समजूत घातली. पण ते शल्य तिच्या बोलण्यातून अधूनमधून डोकावायचेच.

२०११ साली मी पत्रकारितेची पदविका करत होते. एका वयोवृद्ध व्यक्तीची मुलाखत घ्या, असा स्वाध्याय होता. जमालपूरला चाळीस वर्षे होत होती, म्हणून मी आबांनाच गाठले. चुलीजवळ बसलो होतो, आजी भाकरी थापत होती. लढाईबद्दल न विचारता मी विचारले, ‘‘आबा, तिथं थंडी किती होती?’’

आबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘त्या रात्रीची सकाळ झाली. शेतात धुकं होतं. आम्हाला पुढं जाऊन मेलेल्यांची हत्यारं, कागद गोळा करायला सांगितलं. एक पोरगा पालथा पडला होता, माझ्याच वयाचा. उलटा केला, तर वर्दीच्या आत घरी विणलेला स्वेटर. बाजारचा नव्हता. कडेला टाके चुकले होते.’’

भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता.

‘‘रातभर समोर दुश्मन होता,’’ आबा म्हणाले, ‘‘सकाळी तो कुणाचा तरी झाला. घरी आलो, तर हिनं तसलाच स्वेटर हातात दिला. तू विणलेला होता म्हणून तर घालवेना गं मला.’’

आजीने डोळ्यांना पदर लावला. चाळीस वर्षांचा रुसवा होता. ती काहीतरी बोलेल असे मला वाटले. पण ती एवढेच म्हणाली, ‘‘त्याच्या घरी कळवलं असेल का हो कुणी?’’

आबांकडे उत्तर नव्हते.

मला त्या वेळी आजीच मोठी वाटली. तीही दाराशी उभी राहून पोस्टमनची वाट पाहत होती. तिची तार आली नाही, सीमेपलीकडच्या कुणा अनोळखी बाईची कदाचित आली असेल. देशाचा विजय आजीलाही अभिमानाचाच होता आणि आबांनाही. आपल्या कर्तव्याबद्दल त्यांना कधी खंत वाटली नाही. पण अभिमान आणि दुःख एकाच मनात, एकाच ट्रंकेत शेजारी शेजारी राहू शकतात, हे मला त्या दिवशी कळले.

आबा २०१९ साली गेले. स्वेटर अखेरपर्यंत त्यांनी घातला नाही. पण त्या संध्याकाळनंतर दर दिवाळीला आजी तो उन्हात टाकायची आणि आबा शेजारी खुर्ची टाकून राखण करत बसायचे.

१९७१च्या युद्धात आपल्या तीन हजारांहून अधिक जवानांनी प्राण दिले. जे परतले, त्यांतले आज हयात असलेले सत्तरी ओलांडून गेले आहेत. तुमच्या घरात, शेजारी, नात्यागोत्यात असे कुणी असेल तर जरूर त्यांच्याजवळ बसा. किती मारले, हे मात्र विचारू नका. जेवायला काय मिळायचे, पत्र किती दिवसांनी यायचे, सोबत कोण होते, एवढेच विचारा आणि उत्तराची घाई करू नका. त्यांच्या पत्नीलाही विचारा. त्या तेरा दिवसांत ती काय करत होती, हे तिला बहुधा आजवर कुणीच विचारलेले नसेल.