स्वस्तात दिलेलं पान

गुरुग्रामहून नोएडाला परतताना हौज खासला मेट्रो बदलावी लागते. त्या रात्री मजेंटा लाइनचा डबा जवळजवळ रिकामा होता आणि माझ्या डोळ्यांपुढून किलवरची नव्वी हलत नव्हती.

दिवाळीच्या आधी दिल्लीत घरोघर पत्ते बसतात. आमच्याकडे साताऱ्याला पत्ते निघायचे ते गणपतीच्या मांडवात, जागरणाला; मेंढीकोट नाहीतर झब्बू. इथे आल्यावर तीनपत्ती शिकलो, मग पोकर. आमच्या बैठकीत पैसे नसतात, प्रत्येकाला १०,००० च्या चिप्स मिळतात.

माझ्या हातात बदामचा एक्का आणि इस्पिकची राणी होती. मी बोली वाढवली आणि एकटे एक गृहस्थ टिकले, साठी ओलांडलेले, करोलबागेत दुकान चालवलेले. टेबलावर तीन पानं उघडली: किलवरची राणी, किलवरची अठ्ठी, चौकटची तिर्री. राणीची जोडी जमली, वर एक्का. मी बोली लावली, ते आले. चौथं पान इस्पिकची दुर्री. पॉटमध्ये २,४०० होते. मी ४०० लावले. त्यांनी ४०० पुढे सरकवले. पाचवं पान किलवरची नव्वी. त्यांनी २,००० लावले, मी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि कॉल केला. त्यांनी किलवरची सत्ती आणि पंजी उलटली. पाच किलवर, फ्लश.

चिप्स ओढून घेताना ते म्हणाले, "इतना सस्ता पत्ता दोगे बेटा, तो कौन नहीं लेगा?"

मेट्रोत मी शेवटच्या कॉलवर चिडलो होतो. तो चुकलाच होता. ५,२०० साठी २,००० टाकायचे, तर शंभरांतून किमान २८ वेळा तरी समोरचा थाप मारत असायला हवा. या गृहस्थांना तीन वर्षांत मी एकदाही थाप मारताना पाहिलेलं नाही. तरी कॉल केला, कारण आधी घातलेल्या चिप्स सोडवत नव्हत्या.

पण त्यांचं वाक्य त्या कॉलबद्दल नव्हतंच. ते ४०० बद्दल होतं. घरी पोहोचून कागद घेतला. चौथ्या पानानंतर त्यांना न दिसलेली पानं ४६, त्यांत किलवरची ९. म्हणजे साधारण पाचांत एकदा त्यांचं पान येणार. २,८०० मिळवण्यासाठी त्यांना ४०० द्यायचे होते, एकास सात. त्या भावात ते पान न घेणं हीच चूक ठरली असती. मी १,६०० लावले असते तर भाव एकास अडीच झाला असता, आणि ते आले असते तरी चूक त्यांची असती. डेव्हिड स्क्लान्स्की यांचा पोकरमधला मूळ सिद्धान्त हाच आहे: समोरच्याची पानं दिसत असती तर आपण जसं खेळलो असतो, त्याहून वेगळं खेळलो की फायदा त्याचा. इथे तर दोन किलवर टेबलावर उघडी पडली होती. ते पत्ते टाकून उठतील, या भीतीने मी बोली लहान केली. लोभ होता तो.

महाभारताच्या वनपर्वातली, द्यूतात हरलेल्या नळाची गोष्ट मला यासाठी जवळची वाटते. राजा ऋतुपर्ण धावत्या रथातून बेहड्याची पानं-फळं मोजून सांगतो, आणि नळ रथ थांबवून खाली उतरतो, स्वतः मोजून पाहतो. अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, त्याला त्यानंतर मिळते. इंद्रप्रस्थ घालवून बसलेल्या युधिष्ठिरालाही बृहदश्व ऋषी ती शिकवतो, वनात, हरल्यानंतर.

मोजायचं तर नोंद हवी. पोकरच्या ॲपवर प्रत्येक हाताची नोंद आपोआप राहायची. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, तशी आमच्यातली दोघं ॲप सोडून टेबलाशी परतली आणि नोंद डोक्यात ठेवायची वेळ आली. मी वही केली. पानं, भाव, मी काय लावलं आणि का, एवढंच लिहितो. शेवटचं पान आणि कोण जिंकलं ते नाही. नव्वीच्या जागी किलवर नसलेलं कुठलंही पान आलं असतं तर मी तो हात जिंकलो असतो आणि ४०० ची मला आठवणही राहिली नसती, म्हणून.

पहिल्या महिन्याची वही उलटून पाहिली तेव्हा तशीच लहान बोली तीन ठिकाणी सापडली. आठवून पाहिलं. तिन्ही हात मीच जिंकलो होतो.