जायफळाच्या बेटाची धावपट्टी

पुरणात आणि बासुंदीत आपल्या घरच्या बाया जायफळ किसून घालतात. हे जायफळ ज्या देशाने आपल्या राष्ट्रध्वजावर काढले आहे, तो देश म्हणजे ग्रेनाडा. घरात मुलांचा नकाशा असेल तर तो काढा. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून उत्तरेला, दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर, कॅरिबियन समुद्रात एक ठिपका दिसेल. ग्रेनाडा, कॅरियाकू आणि पेटिट मार्टिनिक अशी वस्तीची तीन बेटे मिळून हा देश होतो. क्षेत्रफळ ३४४ चौरस किलोमीटर. आपली बृहन्मुंबई त्याच्या जवळजवळ पावणेदोन पट भरते. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास.

एवढ्याशा देशाच्या विमानतळांवर लेख कशाला, असे वाचक म्हणतील. आमचा जन्म जमाखर्च लिहिण्यात गेला. त्यामुळे कुठलेही मोठे बांधकाम दिसले की आम्ही तीन प्रश्न विचारतो. पैसा कुणाचा? घाम कुणाचा? आणि शेवटी नाव कुणाचे लागले? ग्रेनाडाच्या धावपट्टीला हे तीन प्रश्न विचारले, तर एका कष्टकरी समाजाचा अख्खा इतिहास समोर येतो.

माणसे कोण?

ग्रेनाडातील बहुसंख्य लोक आफ्रिकेतून साखळदंडात आणलेल्या गुलामांचे वंशज आहेत. आधी फ्रेंचांच्या आणि मग इंग्रजांच्या मळ्यांवर त्यांच्या पिढ्यान् पिढ्या खपल्या. १८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली, पण पूर्ण सुटका व्हायला १८३८ साल उजाडले. मग मळेवाल्यांना मजुरांची चणचण भासू लागली. १८५७ साली, म्हणजे इकडे बंडाचा वणवा पेटला होता त्याच वर्षी, भारतातून करारबद्ध मजूर तिकडे उतरले. त्यांची नातवंडे-पतवंडे आजही तिथे आहेत. ही सारी माणसे जहाजाच्या पोटात बसून आली. त्यांतल्या बहुतेकांना परतीची वाट नव्हती.

म्हणून आम्ही म्हणतो, बेटावरच्या माणसाला विमानतळ ही चैन नसते. ते त्याच्या घराचे दार असते. दार अरुंद असले तर घरातलाही कोंडतो आणि बाहेरचाही ताटकळतो.

पर्ल्सची अडचण

१९४३ साली बेटाच्या ईशान्येला, ग्रेनव्हिल गावाजवळ, पर्ल्स नावाचा विमानतळ सुरू झाला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर. धावपट्टी दीड किलोमीटरच्या आसपास. मोठी जेट विमाने तिथे उतरूच शकत नसत. रात्री उतरण्यासाठी दिव्यांची सोय नव्हती, म्हणजे सूर्य मावळला की देशाचे दार बंद! लंडनहून किंवा न्यूयॉर्कहून येणाऱ्याने आधी बार्बाडोस किंवा त्रिनिदादला उतरायचे आणि तिथे छोटे विमान धरायचे. संध्याकाळ झाली तर रात्र तिथेच काढायची. पर्ल्सला उतरल्यावरही राजधानी सेंट जॉर्जेस बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. मधल्या ग्रँड एटांगच्या डोंगरातून वळणावळणाचा रस्ता कापत जायचे.

ग्रेनाडाची कितीतरी माणसे पोटासाठी त्रिनिदाद, लंडन, न्यूयॉर्कला गेलेली. त्यांच्या घरी येण्याच्या वाटेत हे सारे अडथळे होते. पाहुणे येत नाहीत म्हणून हॉटेले चालत नाहीत, आणि हॉटेले नाहीत म्हणून पोरांना रोजगार नाही, असे ते चक्र होते. नैऋत्य टोकाला, पॉइंट सलीन्स येथे मोठा विमानतळ बांधावा, असा प्रस्ताव इंग्रजांच्याच अमदानीत १९५४ साली पुढे आला होता. तो कागदावरच राहिला. ७ फेब्रुवारी १९७४ रोजी देश स्वतंत्र झाला, तरीही धावपट्टी कागदावरच!

रोखे आणि घाम

१३ मार्च १९७९ रोजी न्यू ज्युवेल मूव्हमेंट या पक्षाने एरिक गेरी यांचे सरकार उलथवले. वकील असलेले मॉरिस बिशप पंतप्रधान झाले. तेव्हा त्यांचे वय पस्तिशीच्या आतले. त्यांनी पॉइंट सलीन्सचा कागद बाहेर काढला. लांबी ९ हजार फूट, म्हणजे पावणेतीन किलोमीटर. टेकड्या फोडायच्या, हार्डी बे नावाची खाडी भरायची, तेव्हा कुठे सपाट जमीन मिळणार.

पैसा कुणाचा? क्यूबाने माणसे, यंत्रे आणि साहित्य दिले. लिबिया, सीरिया, इराक, अल्जीरिया या देशांनी मदत केली. आणि सरकारने विमानतळाचे रोखे काढले, ते ग्रेनाडाच्या सामान्य लोकांनी विकत घेतले. ज्यांनी वस्तीत दारोदार फिरून वर्गणीची पावती फाडली आहे, त्यांना याचे मोल सांगायला नको. ज्या कामात माणसाचे चार पैसे गुंतलेले असतात, ते काम त्याला आपले वाटते.

घाम कुणाचा? शेकडो क्यूबन कामगारांचा आणि त्यांच्या जोडीने ग्रेनाडाच्या मजुरांचा. खाडीतल्या गाळउपशाचे काम फ्लोरिडातील एका अमेरिकन कंपनीने केले आणि विमानतळाची विद्युत व दळणवळण यंत्रणा प्लेसी या ब्रिटिश कंपनीकडे होती. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

महासत्तेचा संशय

२३ मार्च १९८३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी दूरदर्शनवरील भाषणात या धावपट्टीचे विमानातून काढलेले छायाचित्र देशाला दाखवले. ज्या देशाकडे हवाई दल नाही त्याला एवढी धावपट्टी कशाला, ही क्यूबा आणि रशियाच्या लढाऊ विमानांचीच तयारी, असा त्यांचा रोख होता. वास्तविक बार्बाडोस आणि त्रिनिदादच्या धावपट्ट्या याहून लांब होत्या. शेजाऱ्याच्या लांब धावपट्टीला पर्यटन म्हणायचे आणि या बेटाच्या धावपट्टीला कारस्थान, हा कुठला न्याय? लष्करी तळाला लागणाऱ्या सोयी या कामात नाहीत, हे प्लेसी कंपनीने पुढे जाहीरपणे सांगितले.

पण घात घरातूनच झाला. सत्ताधारी पक्षात फूट पडली. बिशप यांना नजरकैदेत टाकले गेले. १९ ऑक्टोबर १९८३ रोजी लोकांनी जमून त्यांना सोडवले, आणि त्याच दिवशी किल्ल्यावर सैनिकांनी त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना गोळ्या घातल्या. त्यांचे अवशेष आजवर सापडलेले नाहीत.

सहा दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, अमेरिकेने चढाई केली. धावपट्टीलगतच असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयातील अमेरिकन विद्यार्थ्यांचा जीव धोक्यात आहे, हे एक कारण सांगितले गेले. सैनिक पहाटे छत्र्यांनी अर्धवट धावपट्टीवर उतरले, तेव्हा तिच्यावर बांधकामाची वाहने आडवी लावलेली होती. पर्ल्सवर हेलिकॉप्टरने नौसैनिक उतरले. अमेरिकेचे १९, क्यूबाचे २४ आणि ग्रेनाडाचे ४५ जीव गेले. त्या ४५ पैकी १८ जण मनोरुग्णालयातील रुग्ण होते. त्यांच्या इमारतीवर बॉम्ब पडला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०८ विरुद्ध ९ मतांनी या चढाईचा निषेध केला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बिशप यांच्या हत्येने हादरलेल्या तिथल्या अनेकांना ही चढाई म्हणजे सुटका वाटली. २५ ऑक्टोबर हा तिथे आभार मानण्याच्या सुट्टीचा दिवस आहे. बिशप यांच्या राजवटीतही निवडणुका झाल्या नव्हत्या आणि विरोधक तुरुंगात होते. खरा हिशेब मांडायचा तर नावेची बाजूही लिहावी लागते.

नाव कुणाचे?

मौज पाहा. जी धावपट्टी धोक्याची म्हणून जगाला दाखवली, तीच अमेरिकेने स्वतः पैसे देऊन पुरी केली. २८ ऑक्टोबर १९८४ रोजी विमानतळ सुरू झाला, आणि पर्ल्स बंद झाले. धावपट्टी तीच, पण नाव फक्त पॉइंट सलीन्स. ज्याने स्वप्न पाहिले त्याचा उल्लेख नाही. पंचवीस वर्षे गेली. २९ मे २००९ रोजी, बिशप यांच्या जन्मदिनी, त्याला ‘मॉरिस बिशप आंतरराष्ट्रीय विमानतळ’ असे नाव देण्यात आले. नामांतराला किती काळ लागतो आणि त्याची किंमत काय असते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

धावपट्टीची उपयुक्तता संकटात कळली. ७ सप्टेंबर २००४ रोजी ‘आयव्हन’ वादळाने बेटावरील सुमारे नव्वद टक्के घरांची पडझड केली आणि जायफळाची बहुतेक झाडे लोळवली. तेव्हा मदतीची विमाने याच धावपट्टीवर उतरली.

कॅरियाकूची पट्टी

कॅरियाकू बेटावर लॉरिस्टन नावाची छोटी पट्टी आहे, एक किलोमीटरही भरत नाही. अनेक वर्षे गावाचा रस्ताच तिला ओलांडून जात होता. विमान आले की रस्ता बंद करायचा, आपल्याकडे रेल्वे फाटकावर थांबतात तसे लोक थांबायचे! मोठ्या बेटावरून बोटीने दीड-दोन तास लागतात, विमानाने पाव तास-वीस मिनिटे. आजारी माणसाच्या दृष्टीने हा फरक जगण्या-मरण्याचा असतो. १ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ वादळ थेट या बेटावर आदळले आणि जवळजवळ प्रत्येक इमारतीला तडाखा बसला. अशा वेळी मदत येण्याच्या वाटा दोनच: बंदराचा धक्का आणि ही पट्टी. पेटिट मार्टिनिकला तर पट्टीही नाही, तिथे होडी हाच आधार.

जुन्या पर्ल्सवर आज गुरे चरतात. सोव्हिएत बनावटीची दोन विमाने तिथे गंजत पडली आहेत. आजूबाजूच्या मातीत कोलंबसाच्या शेकडो वर्षे आधी नांदणाऱ्या मूळ रहिवाशांची खापरे सापडतात. धावपट्टी टाकताना त्यांच्या वस्तीचा काही भाग गाडला गेला. त्यांची नावे तर कुठल्याच पाटीवर नाहीत.

वाचकहो, आपल्या मुलांना ही हकिकत सांगा. रस्ता असो, शाळा असो की विमानतळ, त्याच्या पाटीवर एक नाव असते आणि पाटीखाली हजारो हातांचे काम असते. पाटी वाचायला मुलांना शिकवाच, पण तिच्याखालचा हिशेब मागायलाही शिकवा.